नरसम्माच्या घरचं पाचवं ताट

समाजकार्याला पगार मिळतो, हे आमच्या नातेवाइकांना मी निवृत्त होईपर्यंत पटलं नाही. लग्नकार्यात कोणीतरी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही साड्या वाटता का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे "हो, अधूनमधून पातेलीही वाटते" असं म्हणून मोकळी व्हायला लागले. मोडनिंबात वाढलेली आपली मुलगी सोलापूरच्या गल्लीबोळांतून दिवसभर फिरते आणि त्याला नोकरी म्हणते, याचं माझ्या वडिलांनाही हसू यायचं.

नोकरी होती ती अशी. आमची संस्था लहान, शहराच्या पूर्व भागात तिचं दोन खोल्यांचं ऑफिस. आमच्या कामाचा गाभा म्हणजे गृहभेट. घरी जायचं, बसायचं, बोलायचं आणि बोलता बोलता घर बघायचं. "घरात खायला आहे का?" असं आम्ही थेट कधी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "हाय की." म्हणून डोळे आणि कान वापरायचे. डबा सरकवताना कसा वाजतो, तेलाची बाटली किती खाली गेली आहे, दुपारी घासायला किती भांडी निघाली. या बाबतीत माझा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. नव्या मुली कामाला लागल्या की त्यांना आधी माझ्याबरोबर पाठवायचे. मी त्यांना ऐटीत सांगायचे, "माणूस खोटं बोलेल, त्याचा डबा खोटं बोलणार नाही." हे वाक्य आठवलं की आता मान खाली जाते.

पूर्व भागात बहुतेक वस्ती विणकर तेलुगू कुटुंबांची. पुरुष टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, बायका घरी विड्या वळायच्या. नरसम्मा त्यांतलीच एक. साठीच्या आसपासची, काटक, तोंडाने फटकळ. घरात चार माणसं. ती, दम्याने घरी बसलेला नवरा, कारखान्यात टॉवेलच्या मागावर जाणारा मुलगा सीनू आणि सून कविता. कविता नुकती लग्न होऊन आलेली. मी गेले की ती पाण्याचा तांब्या ठेवायची आणि कोपऱ्यात जाऊन विड्या वळायला बसायची. तिचा आवाज मी पहिली दोन वर्षं ऐकलाच नव्हता.

नरसम्माची नि माझी ओळख झाली रेशन दुकानात. तिथल्या मशीनवर अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही. आणि चाळीस वर्षं पान कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. मशीन तिला ओळखेना. तिने अंगठा साडीला पुसला, ओला केला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला. दुकानदार तरी काय करणार, त्याने हात टेकले. "मी मेली म्हनतंय व्हय तुमचं मशीन?" असं तिने त्याला विचारलं, तेव्हा रांगेतल्या बायका हसल्या, ती मात्र हसली नाही. मी तीन वेळा पुरवठा ऑफिसात खेटे घातले, शेवटी सीनूच्या मोबाईलवर नंबर येऊन धान्य मिळायची सोय झाली. काम फार मोठं नव्हतं. पण त्या दिवसापासून नरसम्माच्या लेखी मी "आमची बाई" झाले. गल्लीत कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर ती भांडायला उभी राहायची.

पुढचं सगळं या मायेतूनच घडलं.

कारखान्यांना मंदी आली आणि पुष्कळ घरांतल्या पुरुषांना आठवड्यातून तीनच दिवस काम मिळायला लागलं. आमच्या संस्थेला एका देणगीदाराने महिन्याच्या शिध्याची मदत देऊ केली. डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, कडधान्य. पण पाकिटं मोजकी आणि घरं अनेक. देणगीदारांचं म्हणणं, सर्वांत गरजू कोण ते अभ्यास करून सांगा. उपाशी माणसाने आपण उपाशी असल्याचा पुरावा द्यायचा, ही पद्धत मला तेव्हाही खटकली होती. पण खटकूनही मी त्या कामाला लागले, हेही खरं.

अभ्यासाचं काम आमचे सर बघायचे. निवृत्त प्राध्यापक, अत्यंत सज्जन माणूस, कागदावर नसलेल्या गोष्टीवर मात्र त्यांचा विश्वास बसायचा नाही. पद्धत त्यांनीच बसवली. प्रत्येक घरी तीन दिवस सकाळी जायचं, सोबत छोटा वजनकाटा. शिजवलेलं अन्न भांड्यासकट तोलायचं. सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं तोलायचं. वजाबाकी केली की घराने किती खाल्लं ते कळतं. त्याला घरातल्या माणसांनी भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं ते कळतं. फॉर्मवर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे आकडा. इतकी सोपी गोष्ट होती.

नरसम्माच्या दारात मी काटा घेऊन उभी राहिले तेव्हा कविताला पाचवा महिना लागला होता. नरसम्माने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्यो कुनी दिला तुमाला?"

"सरांनी. तीन दिवस तुमचा स्वयंपाक मोजायचाय."

"आन मग कागद सायबाला दाखवायचा?"

"हो."

"बरं," एवढंच ती म्हणाली. "उद्या या. आज नको, आज घरात आवरलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी गेले तर पातेलं भरून भात, चारू म्हणजे चिंचेचं पातळ सार, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. मी सगळं तोललं. आधी सीनू आणि म्हातारा जेवले. मग नरसम्माने माझ्यासमोर ताट ठेवलं.

जेवावं की नाही, यावर आमच्या क्षेत्रात पुष्कळ काथ्याकूट झालेला आहे. पुस्तकं म्हणतात, नको. अनुभव सांगतो, नाही म्हटलं की ते घर तुमच्यासाठी मिटलं. मी कायम जेवणाऱ्यांतली. कुणाकडे भाकरीचा तुकडा मोडायला मी कधी लाजले नाही आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशीही जेवले. नरसम्मा समोर बसून आग्रह करत होती, "येवढ्यानं काय हुतंय बाई, उनात फिरता तुमी." तिने दुसऱ्यांदा भात वाढला, तो मी नको नको म्हणत खाल्ला. मग ती जेवली. कविता बाहेर नळावर भांडी घासत होती.

मी विचारलं, "सगळ्यांचं झालं?"

"झालं की," नरसम्मा म्हणाली.

मी पातेलं तोललं. तळाशी मूठभर भात होता. आकडा लिहिला आणि निघाले. पुढचे दोन दिवस असेच गेले. हिशेब करून बघितलं तर या घरात माणशी जेवण चांगलंच पडत होतं. मला बरं वाटलं. कविताच्या नावापुढेही चांगला आकडा होता आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "गर्भवती सुनेचा आहार पुरेसा." अक्षर माझं चांगलं आहे. फॉर्म बघून सर खूश झाले.

यादी लागली. नरसम्माचं घर तिच्यात नव्हतं. मला आपलं वाटलं, ठीक आहे, यांच्यापेक्षा वाईट हालत असलेली घरं आहेत.

दीड-दोन महिने गेले असतील. दुपारी ऑफिसात फोन आला. नरसम्माच्या शेजारच्या शबानाचा. वळलेल्या विड्या जमा करायला बायका ज्या ब्रँचमध्ये जातात तिथे रांगेत उभी असताना कविता कोसळली होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला सलाईन लावलं होतं. नरसम्मा पायाशी बसून होती, शबाना उशाशी. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मला बाहेर बोलावून विचारलं, "ही घरी जेवते काय?"

मी ठामपणे सांगितलं, "डॉक्टर, जेवणाचा प्रश्न नाही. त्यांच्या घरचा स्वयंपाक मी स्वतः तोललाय. तीन दिवस."

ती मला आत घेऊन गेली, कविताच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि मला म्हणाली, "हे बघा." आतली कड लाल असायला हवी. ती पांढरी होती. मग तिने नखं दाखवली. "रक्त फार कमी आहे. बाळाची वाढही मागे आहे. अजून वेळ आहे, पण आजपासून हिच्या पोटात नीट अन्न गेलं नाही तर दोघांचं मला काही सांगता येणार नाही."

मी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. शबाना बाहेर आली. तिला माझी दया आली असावी.

"बाई, तुम नाराज मत हो," ती म्हणाली. "वो तीन दिन का चावल हमारे घर का था. भाजी कोपरे के घर की. तुम आनेवाले बोलके लेके गई ना नरसम्मा. बाद में थोडा थोडा करके लौटाई. उसी में इनका खाना आधा हुआ."

उसने आणलेला भात परत करायला त्या घराने पुढचे कित्येक दिवस अर्धपोटी काढले होते. आणि मी लिहिलं होतं, पुरेसा.

मला राग आला. खरं सांगते, आधी वाईट वाटलं नाही, राग आला. माझ्यासारख्या बाईला फसवलं याचा. संध्याकाळी नरसम्माला दवाखान्याच्या पायऱ्यांवर गाठलं आणि चढ्या आवाजात विचारलं, "का केलंत असं? घरात नव्हतं तर नव्हतं दाखवायचं! शिधा मिळाला असता!"

तिला माझं बोलणंच कळेना. ती म्हणाली, "बाई, आमच्या ब्रँचमधी आमी विड्या घालतो तवा मुकादम तपासतो. पान किती दिलं, तंबाखू किती दिली, विडी किती भरली. कमी भरली की बाजूला काढून फेकतो आन आमालाच बोलतो. तुमचा सायेब तुमाला काटा देऊन धाडला. आमचं पातेलं हलकं भरलं असतं तर तुमालाच बोलला असता की. ह्या बाईला घरं नीट बघता येत न्हाईत म्हनून." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी माझ्या अंगठ्यासाठी येवढं फिरलात. तुमची नोकरी जाऊ देऊ व्हय मी?"

माझं काम तपासलं जातंय असं समजून तिने मला पास केलं होतं. घरी, जुळे सोलापूरला येईपर्यंत रिक्षात मी पदर तोंडाला लावून रडत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

सकाळी ऑफिसात जाऊन मी नरसम्माच्या घराचे तिन्ही फॉर्म काढले. उसन्या धान्याचं सरांना कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. आकडे पुन्हा लावून बघितले आणि बघता बघता हात थांबला. चार नावं. नरसम्मा, नवरा, सीनू, कविता. शिजलेल्यातून उरलेलं वजा, भागिले चार. पण त्या तीन दिवसांत त्या घरात ताटं पाच होती. पाचवं माझं. दोनदा वाढलेला भात, भाजी, चारू, सगळं पातेल्यातून गेलं होतं आणि फॉर्मवर ते चौघांच्या नावावर वाटलं गेलं होतं.

आणि कविताला जेवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं झालं का, हे मी तिच्या सासूला विचारलं होतं. मोडनिंबला आमच्या घरी आई सगळ्यांच्या मागून जेवायची. ती काय जेवायची, किती जेवायची, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. ज्या मुलीच्या नावापुढे मी "पुरेसा" लिहिलं, तिचा वाटा मीच जेवून आले होते.

सरांना मी सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, "एका घरात चूक झाली म्हणून अख्खा अभ्यास चुकत नाही." त्यांचं चुकलं नाही, संशोधनात असंच म्हणतात.

मी म्हटलं, "सर, मी एका घरी जेवले नाही. मी बहुतेक सगळ्या घरी जेवले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फॉर्ममध्ये पाहुण्यासाठी ओळ मी ठेवली नव्हती," ते म्हणाले. "आणि घरातल्या बाईला वेगळं विचारायचं असंही लिहिलं नव्हतं. आता काय करायचं म्हणता?"

मी म्हटलं, यादी रद्द करू आणि बायकांनाच बसवून विचारू. कोणी कोणाकडून काय उसनं नेलं हे त्यांना पाठ असतं, आपल्याला काटा लावूनही कळत नाही. देणगीदारांना काय सांगायचं ते सर बघणार होते. त्यांनी ते सांगितलं आणि बोलणीही खाल्ली, हे इथे नोंदवायला हवं.

कविता दवाखान्यातून घरी आल्यावर चार दिवसांनी गल्लीतल्या मंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. तीस-पस्तीस असतील, निम्म्या जणींनी मांडीवर विड्यांचं सूप आणलेलं. मी उभी राहिले. मी सांगितलं की मी तुमच्या घरी जेवले आणि ते जेवण तुमच्या पोटात गेलं असं लिहून मोकळी झाले. मी चुकले. त्यामुळे ज्यांना शिधा मिळायला हवा होता त्यांतल्या काहींना मिळाला नाही.

मग नरसम्माच उठली. रागाने लाल झाली होती.

"हे काय बोलनं झालं का बाई? पाहुन्याला उपाशी लावून देतात व्हय? तुमी जेवलात त्याचं आमाला वाईट वाटलं न्हाय. चारचौघांत आमच्या घरचं ताट कशाला काढता? आमच्यात कोन उपाशी न्हाय. सरळ लिवा."

बायका खाली बघायला लागल्या. मला कळून चुकलं की ही बैठक इथेच संपणार. नरसम्माने नाही म्हटल्यावर दुसरी कोण हो म्हणणार? सगळ्या एकमेकींच्या इज्जतीला धरून बसलेल्या. आणि कविताच्या बाळंतपणाला जेमतेम दोन-अडीच महिने उरले होते.

मागे खांबाला टेकून कविता बसली होती. हाताला सलाईनची पट्टी तशीच. ती उठली नाही, बसल्या जागेवरून बोलली. आवाज इतका हळू होता की पुढच्या बायका मागे वळल्या.

"अत्तम्मा, पाहुनी जेवली," ती सासूला म्हणाली. "मी न्हाय जेवले. तिन्ही दिवस न्हाय. चौथ्या दिवशी बी न्हाय." मग माझ्याकडे बघितलं. "तेवढं लिवा, बाई. माझं नाव लिवा."

नरसम्मा उभी होती ती खाली बसली. शेजारी शबानाने तिचा हात धरला. मी कागदावर कविताचं नाव लिहिलं. मग कोपऱ्यातल्या घरची लक्ष्मी म्हणाली, "आमचं बी लिवा," मग तिच्यामागची. सूप बाजूला ठेवून एकेक जण बोलायला लागली. कोण कोणाकडे किती वेळा वाटी घेऊन गेलं, कोणत्या घरी सून शेवटी बसते, कोणत्या घरी म्हातारी बसतच नाही. दोन तास मी नुसती लिहीत होते. इतक्या वर्षांच्या गृहभेटींत मला जे कळलं नव्हतं ते त्या दोन तासांत कळलं. नवी यादी त्या बायकांनीच केली.

शिधा आला. डॉक्टर मुलीने गोळ्या दिल्या, शबाना रोज एक अंडं उकडून आणायची आणि कविता ते संपवीपर्यंत दारातून हलायची नाही. मुलगी झाली. बारीक होती, आठवडाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, पण जगली. आता अंगणवाडीत जाते आणि आजीसारखीच फटकळ आहे. बोलायला मात्र उशिरा लागली. त्याचं कारण काय असेल, हे मी डॉक्टरला कधी विचारलं नाही. मला भीती वाटते.

नरसम्मा माझ्याशी सहा महिने बोलली नाही. चारचौघांत तिचं पातेलं मी उघडं केलं होतं आणि तिच्या बाजूने बघितलं तर तिचा राग खरा आहे. नंतर बोलायला लागली. निवृत्त झाल्यावरही मी महिन्यातून एकदा त्या घरी जाते. जेवणाच्या वेळी गेले की नरसम्मा ताट पुढे करते, मी हात जोडते. "बाई आता मोठी झाली, आमच्यात जेवत न्हाय," असं ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते. ते मला लागतं, पण मी जेवत नाही. पुरुषांची जेवणं झालेली असोत की नसोत, कविता आपलं ताट वाढून घेते आणि माझ्यासमोर येऊन बसते. फार बोलत नाही, सावकाश जेवते. तिचं जेवण होईपर्यंत मी जागची उठत नाही.